गंगेतलं बेट आणि त्याच्या तीन थड्या

गिरजावहिनींचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागाहून. या सबंध हकिगतीत मला सांभाळून घेतलं ते त्यांनी. बैलाला वर काढलं त्यांनी, माझ्या वाटणीचं बोलणं खाल्लं त्यांनी, आणि निघताना भाकरी बांधून दिली तीही त्यांनीच. एवढं लिहून झालं म्हणजे पुढचं लिहायला जरा धीर येतो.

मी देवगडच्या बाजूचा. शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिण्यात उणंअधिक असेल ते गोड करून घ्यावं. सध्या पोटासाठी पार मराठवाड्यात, येलदरीला पूर्णा नदीवर धरण बांधतात तिथे खलाशी आहे. दोर, कप्पी आणि पहार एवढ्यावर हत्तीएवढं यंत्र जागचं हलवायचं हा आमच्याकडच्या माणसांचा धंदा, म्हणून साहेबलोक आम्हांला इतक्या लांब आणतात. लांब म्हणजे किती, ते शिमग्याला कळलं. रजा मिळाली, पण ती सगळी जाण्यायेण्यातच संपणार होती. इकडे घरची पालखी नाचत असेल आणि मी परभणी जिल्ह्यात झोपडीच्या दारात गुडघ्यांत मान घालून बसलेला. आमच्या टोळीत खंडू म्हणून एक इथलाच गडी आहे, मेंढरं पाळणाऱ्या घरातला. तो समोर येऊन उभा राहिला.

"जिवा, असा सुतक असल्यावानी का बसलास? चल माज्या गावाला. आमच्या गंगेत बेट हाय. तुज्या समुद्रासारखीच वाळू. फकस्त पानी खारं न्हाई."

गंगा म्हणजे गोदावरी. इकडे तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.

दुसऱ्याच्या घरी जायचं म्हटलं की मी आधीच चुकांचा हिशेब मांडायला लागतो. आपण जास्त जेवलो तर, कमी जेवलो तर, चुकीच्या जागी बसलो तर. पण समुद्राचं नाव काढल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. जिंतूर, परभणी, पाथरी असं यष्टी बदलत, काळी धूळ खात आम्ही सोनपेठला उतरलो. वाटेबद्दल एवढंच सांगतो की आमच्याकडे दर वळणाला दुसरा डोंगर येतो, आणि इकडे सकाळी दिसलेलं झाड दुपारीही तसंच दिसत राहतं.

गाडीवर

सोनपेठच्या बाजाराबाहेर बैलगाडी उभी होती. कासरा एका बाईच्या हातात. मी गाडीवानाला शोधत इकडेतिकडे पाहायला लागलो तसा खंडू हसला.

"ह्याच आमच्या वहिनी. थोरल्या भावाची बायकू. गाडीवान बी ह्याच."

"आन् पाव्हणं भित असतील तर पायी येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "बैल काय बोलायचे न्हाईत."

आमच्याकडे बाया मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोसच्या कोस जातात, भावात कोणाला ऐकत नाहीत. पण बाईने गाडी हाकलेली मी पाहिली नव्हती. खंडूचा भाऊ निम्मी मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगराकडे गेलेला, तो पाऊस तोंडावर आला की परत येणार. म्हातारे आप्पा, म्हणजे वहिनींचे सासरे, गुडघ्याने अधू. तेव्हा वहिनींनी मागे लागून लागून कासरा मिळवला होता. मेंढरांच्या लेंड्यांचं खत गाडीत भरून त्या बेटावर नेतात, तिथे भोई लोक वाळूत टरबुजाच्या वाड्या करतात त्यांना घालतात, आणि बदल्यात टरबुजं भरून सोनपेठच्या बाजारात आणून विकतात. पूर्वी हेच खत त्या डोक्यावरून नेत. दिवसभर खेपा घातल्या तरी एक वाफा भरत नसे.

"आप्पानं कासरा दिला तवा एकच अट घातलीय," खंडूने मला सांगितलं. "जित्राबाला खरचटलं तरी कासरा परत."

वहिनींनी पाठमोऱ्याच उत्तर दिलं. "हौश्याला इचारा, खरचटलंय का ते. दोन वरसं झाली."

हौश्या हा डाव्या अंगाचा बैल, पांढरा, कान सतत हलवणारा. उजव्या अंगाचा लाल्या.

आप्पा ओट्यावर घोंगडी अंथरून बसले होते. मला बघताच त्यांनी वहिनींना माझ्या पायांवर पाणी घालायला लावलं. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणून पाय मागे घेतले तर तांब्या उलटला आणि सगळं पाणी त्यांच्या घोंगडीवर गेलं.  आप्पा मात्र वहिनींकडे वळून म्हणाले, "तांब्या धड धरता येत न्हाई व्हय?"

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यांना नीट दिसलं नसेल.

"तुमी मुंबई राज्यातले," आप्पा मला म्हणाले. "आता आमी बी त्यातच. निजाम गेला, हैद्राबाद गेलं, तुमची मुंबई आली. गंगेला मातर अजून कुनी कळवलं न्हाई. ती हाय तिथंच वाहायलीय."

वाडीची थडी

बेट म्हणजे नदीचे दोन फाटे मध्ये सोडून गेलेला वाळूचा आणि मातीचा लांबट तुकडा. पावसाळ्यात त्याच्या मधल्या उंचवट्याचीच काय ती शेंडी उरते. फाल्गुनात मात्र अलीकडचा फाटा गुडघाभर, गाडी सहज पार होते. मध्ये झाऊची झुडपं आणि एक वाकलेलं करंजाचं झाड. सभोवार ऊन असं की वाळूकडे बघताना डोळे बारीक होतात. मला घरी आल्यासारखं झालं. वाळू पायाखाली आली आणि माझी जीभ सुटली. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

खंडू म्हणाला, "हितं तीन थड्या हायेत. तू समुद्रवाला. कुटं कुटं बसायचं ते तूच ठरव."

वहिनींनीही मान हलवली. "पाव्हणं म्हणतील ती थडी."

पहिल्या दिवशी मी वाडीची थडी निवडली, कारण तिथे टरबुजं होती. लिंबाजी नावाचे भोई तिथे पाचटाच्या खोपीत राहतात. वाळूत कमरेइतके खड्डे खणून तळाला लेंड्यांचं खत घातलेलं, वर वेल. पाणी द्यावं लागत नाही, मुळं खालून नदी पितात. आमच्याकडे माडाला मासळीचा कुटा घालतात ते मी सांगितलं. लिंबाजी म्हणाले, "मासळी झाडाला घालता? मग तुमी काय खाता, झाड?" सगळे हसले. टरबूज बुक्कीने फोडून, रसात बुडालेल्या हातांनी आम्ही खाल्लं. गरम वाळूतून काढलेलं टरबूज आतून इतकं थंड कसं राहतं, ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनी खत उतरवता उतरवता विचारत होत्या. "समुद्राला म्हणे पलीकडचा काठच नसतो?"

"नसतो."

"मग पानी थांबतं कुटं?"

 ते टाळून मी भरतीओहोटीचं सांगायला लागलो. दिवसातून दोनदा पाणी मागे जातं आणि ओली वाळू उघडी पडते. ती इतकी घट्ट की त्यावरून चिऱ्यांनी भरलेल्या गाड्या धावतात आणि चाकाची नुसती रेघ उठते. कोरड्या वाळूत बैल मरतो, ओल्या वाळूत पळतो. वहिनींचे हात थांबले.

"पळतो?"

"घोड्यासारखा."

आमच्या गावात मी कोण? घरात कोणी माझं म्हणणं ऐकून घेत नाही, धरणावर तर मुकादम माझं नावही पुरतं घेत नाही. आणि इथे एक बाई खताची पाटी खाली ठेवून माझं ऐकत होती. मी आणखी सांगितलं. किती सांगितलं ते लिहिण्याची लाज वाटते.

लोकरीची थडी

दुसऱ्या दिवशी मी दगडगोट्यांची थडी सांगितली. वहिनी म्हणाल्या, "ती आमची लोकरीची थडी." कातरणीआधी मेंढरं तिथे आणून धुतात, आणि घोंगड्याही तिथेच आपटून धुतात. वहिनींनी घरातल्या घोंगड्या गाडीत टाकून आणल्या होत्या. ओली घोंगडी किती जड असते हे उचलल्याशिवाय कळत नाही. मी एकीला हात लावला तर त्यांनी ओढून घेतली.

"पाव्हण्यानं धुणं धुतलं म्हणून गावात माजी वरात निघंल. तुमी पोहा."

पोहलो. खारं पाणी नसलं की अंग वर राहत नाही, एवढं नवीन शिकलो आणि दोनदा नाकात पाणी गेलं. खंडू काठावर पोट धरून हसत होता. "समुद्रवाला बुडायलाय गुडघ्याएवढ्या पान्यात!" दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मला भाकरी एका हाताने मोडता येत नाही, सारखी निसटते. वहिनींनी काही न बोलता माझ्या भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवले. असं माझ्या आईने केलं होतं ते मी शाळेत जायच्या आधी. मला भरून आलं, पण मी चटणी तिखट आहे असं सांगितलं.

तिथून बेटाचं खालचं टोक दिसत होतं. एक लांब, सपाट, ओली वाळू, उन्हात चकाकणारी. एकही झाड नाही, एकाही पायाची खूण नाही. आमच्या देवगडजवळच्या मिठमुंबरीची ओहोटीची किनार उचलून आणून ठेवावी, तशी.

"ती तिसरी थडी?"

"आरसा म्हणत्यात तिला," खंडू म्हणाला. "तिकडं आमी जात न्हाई."

"का?"

"जात न्हाई म्हंजी न्हाई. कुनीच जात न्हाई."

आरशाची थडी

तिसऱ्या दिवशी खंडू टरबूज खाऊन करंजाच्या सावलीला झोपला. गाडी टरबुजांनी भरलेली, दुसऱ्या दिवशी सोनपेठचा बाजार. वहिनी हाकत होत्या, मी शेजारी. रोजच्या वाटेची वाळू कोरडी. चाकं मुठीमुठीने खाली बसत होती, बैलांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, हौश्याच्या तोंडाला फेस. मला खरंच त्या जनावरांची दया आली. एवढं माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

"वहिनी, त्या आरशावरून वळसा घालू या. ओली वाळू आहे. चाक बोटभर बसणार नाही."

"तिकडून कुनी जात न्हाई, पाव्हणं."

"कुणी नेली नसेल म्हणून. आमच्याकडे जन्म गेला आमचा त्याच वाळूवर."

त्यांनी बैलांकडे पाहिलं, मग त्या चकाकत्या थडीकडे. "लगीन होऊन आल्यापून बघतेय मी तिला," त्या म्हणाल्या. "कदी पाऊल टाकलं न्हाई. खरंच पळतील?"

"बघाच."

त्यांनी कासरा डावीकडे ओढला.

आणि सांगायचं म्हणजे पळाले. पहिले काही हात वाळू टणक होती. चाकांची नुसती रेघ उठली, मी सांगितली होती तशीच. वहिनी मोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात हौश्याचा पुढचा पाय आत गेला. त्याने तो उपसायला दुसऱ्यावर जोर दिला तर दुसराही गेला. वाळू फाटली नाही, चिखलासारखी उडाली नाही, नुसती थरथरली, दुधावरच्या सायीसारखी, आणि बैल पोटापर्यंत खाली.

आमचा समुद्र पाणी मागे नेतो तेव्हा वाळू दाबून जातो. ही नदी मागे जात नाही. वरून थांबल्यासारखी दिसते आणि वाळूच्या खालून वाहत राहते. हे मला आता कळतं. तेव्हा मी गाडीत नुसता उभा होतो.

"उड्या मारू नका! जड पाय टाकू नका!" वहिनी ओरडल्या. त्या आधीच खाली होत्या, आडव्या, पोटावर. त्यांनी लाल्याच्या गळ्याचं जोतं सोडून त्याला मागे हाकललं. मग हौश्याचं सोडलं. गाडीतली टरबुजं ढकलून दिली. ती त्या चकचकीत वाळूवर गडगडत गेली आणि अर्धी बुडून राहिली. काल धुवून बेटावरच वाळत घातलेल्या घोंगड्या आज गाडीत होत्या, त्या ओढून त्यांनी बैलाच्या गळ्याखाली, छातीखाली कोंबल्या. "खंडूभावजी! लिंबाजीमामा! आवो या! हौश्या रुतायलाय!"

हौश्या हंबरत नव्हता. मान लांब करून नुसता श्वास टाकत होता, आणि त्याचे ते सतत हलणारे कान थांबले होते.

मी रोज कितीतरी मणांचं लोखंड दोराने वर चढवतो. त्या वेळी माझ्या पायाशी गाडीचा नाडा, म्हणजे जाड दोर, पडलेला आणि मला तो दिसत नव्हता. वहिनींनी वळून पाहिलं.

"पाव्हणं! दोराचं काम तुमचं न्हाई का?"

शिव्या दिल्या असत्या तर मी तिथेच राहिलो असतो. त्यांनी विचारलं, म्हणून हलता आलं. मी पोटावर सरपटत गेलो, बैलाच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती दोर घातला आणि गळा आवळणार नाही अशी गाठ दिली. तेवढं एकच काम त्या दिवशी माझ्या हातून नीट झालं. खंडू आणि लिंबाजी झाऊच्या फांद्या घेऊन धावत आले. फांद्या, घोंगड्या, त्यावर माणसं आडवी. कडेच्या टणक जागेवर लाल्याला दोर जुंपला. लिंबाजी हातांनी पायांभोवतीची वाळू उपसत होते आणि बैलाला समजावत होते, "उगी, बाबा, उगी, घाई करू नगंस." आम्ही ओढत होतो, तो येत नव्हता. मग एकदम कुशीवर कलंडला आणि ओल्या पोत्यासारखा सरकत बाहेर आला.

बराच वेळ तो तसाच पडून होता. मग उठला. उजवा पुढचा पाय त्याने जमिनीला टेकवला आणि लगेच उचलून घेतला.

वहिनी त्याच्या पायाजवळ बसल्या. गुडघा चाचपला, खांदा चाचपला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "जितं हाय. चला." पण कासरा त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. जणू आत्ताच कोणी मागणार होतं.

उंबऱ्याच्या आत

गावातून लंगडणारा बैल नेणं म्हणजे काय, ते तिथल्या ओट्यांवरच्या माणसांनी मला दाखवलं. कोणी काही विचारलं नाही. सगळे नुसते उठून उभे राहिले.

आप्पा काठी टेकत आले. हौश्याच्या खांद्यावरून हात फिरवला. "मुरगळलाय. हाड शाबूत हाय. हळद-चुना लावा." मग हात पुढे केला. "कासरा."

वहिनींनी मनगटाचे वेढे सोडले आणि तो त्यांच्या हातात दिला.

मी पुढे झालो. रस्ताभर मी हेच ठरवत आलो होतो. "आप्पा, चूक माझी आहे. आरशावरून चला असं मीच म्हटलं. वहिनी नको म्हणत होत्या."

"पाव्हणं, हातपाय धुवा. ऊन लय हाय."

"आप्पा, मी खरं सांगतो..."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते वहिनींना म्हणाले, "नको म्हणत व्हतीस?"

वहिनींनी मान डोलावली.

"मग गेलीस कशी? पाव्हणा म्हंजी लेकरू. लेकरानं इस्तू मागितला तर त्याच्या वंजळीत ठिवतीस का?"

"तसं नाही आप्पा, हट्ट मी धरला. मी सांगितलं, आमच्याकडे ओल्या वाळूवरून..."

"बघ. हट्ट धरंस्तवर त्याला बोलत ठिवलंस. चार घास घालून सावलीला निजवायचं सोडून."

"अहो, मला चांगलं धरून चार शिव्या द्या!"

"आन् आता पाव्हण्यावर शिव्या मागायची पाळी आणलीस," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापला.

वहिनींनी पदराआडून मला हाताने खूण केली, थांबा. घरात पाणी देताना त्या हळूच म्हणाल्या, "पाव्हणं, पाया पडते, आता बोलू नका. तुमी एक बोललात की मला दोन बसत्यात."

खंडूने मला गोठ्यामागे नेऊन समजावलं. "आमच्यात हे असंच हाय, जिवा. दारात आलेल्याचा कसूर घरच्याचा. मागं एका सोयऱ्याच्या इडीनं कडब्याची गंजी जळाली, तर आप्पानं माज्या चुलत्याला झाडलं. म्हणाले, काडी कुनी दिली? सोयऱ्याला वरनं टोपी-उपरण्याचा आहेर केला."

आमच्याकडे पाहुण्याने काही नुकसान केलं तर त्याला तोंडावर बोलत नाहीत. तो गेल्यावर वर्षभर बोलतात. मला ती रीत बरी वाटली. निदान ज्याचं बोलणं त्याच्या नावावर राहतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पुरण घातलं. मी पाटावर, समोर समई, आणि वहिनी तूप वाढतायत. कासरा आप्पांच्या बाजेशेजारच्या खुंटीवर. मी पहिल्याच पोळीचे तुकडे करत बसलो. "पाव्हण्याला गोड आवडत न्हाई वाटतं," आप्पा म्हणाले, आणि वहिनींकडे पाहायला लागले. मी तेवढ्या भीतीने तीन पोळ्या खाल्ल्या.

दुपारी दारात बसलो होतो तेव्हा वहिनी खताची पाटी डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या. लिंबाजींच्या वाडीला खत कबूल केलेलं होतं, गाडी बंद होती. उन्हात मान ताठ, एक हात पाटीला. मी धावत गेलो आणि पाटीला हात घातला.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"मी आणतो ना. मी हमाल माणूस आहे, वहिनी. मला ओझ्याची सवय आहे."

"मला बी हाय. तुमी पाटी उचललेली आप्पांनी बघितली तर आज रातच्याला मला भाकरी गोड लागायची न्हाई." मग जरा थांबून, पाटीखालूनच हसल्या. "पन पळाले हो, पाव्हणं. जरासं का व्हईना. समुद्रावर असंच पळत असतील ना?"

मी मान हलवली. त्या गेल्या. वाळूत त्यांची पावलं घोट्यापर्यंत बुडत होती, आणि तो उन्हाचा रस्ता केवढा लांब आहे ते मला त्या दिवशी दिसलं. गाडीवरून तो दिसत नाही.

फाट्यावर

निघताना आप्पा काठी टेकत यष्टीच्या फाट्यापर्यंत आले. त्यांच्या खांद्यावर एक घोंगडी होती, ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली. "धरणावर थंडी वाजत आसंल." घोंगडी बैलाच्या छातीखालची होती. पुन्हा धुतलेली, पण विणीत अजून वाळू होती. नको म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. नको म्हटलं असतं तर त्याचाही बोल कोणाला लागला असता ते आता मला ठाऊक होतं.

एक मात्र विचारून घेतलं. "आप्पा, तुमच्याकडे माणूस पाहुणा किती दिवस असतो?"

"आँ?"

"म्हणजे केव्हा तो पाहुणा राहत नाही?"

म्हातारे हसले. पुढचे दात नाहीत, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरतं. "सांगून येतो तो पाव्हणा. न सांगता येतो, आल्या आल्या झाडू नाहीतर खोरं उचलतो, त्याला आमी पाव्हणा म्हणत न्हाई. त्याला शिव्या देतो."

"कोणालाही देता?"

"आसं कसं? शिव्या खाणं सोपं हाय व्हय? घरच्या माणसाचाच मान हाय तो."

यष्टी आली, खंडू आणि मी चढलो. मी खिडकीतून वाकून पाहिलं तेव्हा आप्पा परत फिरले होते.

येलदरीला आल्यावर खंडूकडून घरची खबर विचारून घेतली. हौश्याचा पाय सुधारतोय, पण कासरा खुंटीवरच आहे आणि खत डोक्यावरून जातंय. मी दोरखंड ओढताना, जेवताना, सगळीकडे तेच डोळ्यांपुढे येतं आणि मान खाली जाते. इथली माणसं विचारतात, कशी झाली सुट्टी, कुठली वाळू आवडली? मी सांगतो, तिन्ही चांगल्या आहेत. तुम्ही कधी गेलात तर पहिल्या दोन बघा. तिसरी लांबूनच बघा, आणि तुम्हांला समुद्राची माहिती असेल तर तिथे तोंड मिटून बसा.

गिरजावहिनी, तुम्हांला वाचता येत नाही आणि खंडूला मी हे वाचायला देणार नाही. पण वचन देतो ते कागदावर देतो. पुढची रजा मिळाली की मी घरी जाणार नाही, तुमच्याकडे येईन, आणि कळवणार नाही. पहाटेच्या गाडीने उतरेन, मागच्या दाराने मेंढरांच्या वाड्यात शिरेन, तुम्ही उठायच्या आत लेंड्या झाडून खताची पहिली पाटी भरेन. आप्पा काठी घेऊन बाहेर येतील आणि विचारतील, कोण रे तिकडं? तेव्हा मी सांगेन, आरशावर बैल घातला तो मी. मग ते जे बोलतील ते सगळं, एकही शब्द न वगळता, मी उभा राहून घेईन. त्या दिवशी तुम्ही मध्ये पडू नका.